चौथी चौकट : बौद्ध चित्रकलेतील मृत्यू आणि शोक

विहाराच्या वर्धापनदिनाची पहिली मीटिंग झाली तेव्हा रंगकामाचा विषय निघाला. डाव्या हाताच्या लांब भिंतीवर चार चौकटी करून तथागत भगवान बुद्धांच्या जीवनातले चार प्रसंग रंगवावेत असे ठरले. मी हायस्कुलात ड्रॉइंग शिकवून रिटायर झालेला माणूस, म्हणून काम आपोआप माझ्याकडे आले. जन्म, संबोधी आणि धम्मचक्रप्रवर्तन या तीन चौकटींना कोणाचीच हरकत नव्हती. चौथी चौकट महापरिनिर्वाणाची, असं मी म्हणालो आणि मीटिंगमध्ये दोन तट पडले. "मास्तर, इथं लेकरांची नावं ठेवतात, लग्नं लागतात. तिथं मरणाचं चित्र कशाला?" असं एका बाजूचं म्हणणं. अपशकुन हा शब्द कोणी उच्चारला नाही, पण तो सगळ्यांच्या मनात होता. मागे बसलेल्या एक आजी तेवढ्या म्हणाल्या, "काढलं न्हाई म्हणून मरण यायचं थांबतंय व्हय?" शेवटी निर्णय असा झाला की मास्तरांनी या विषयावर स्मरणिकेत लिहावे, लोकांनी ते वाचावे आणि मग ठरवावे. म्हणून हा लेखनप्रपंच. यात विद्वत्तेचा आव नाही. जे पाहिले, जे वाचले, तेवढेच सांगतो.

प्रथम आपल्या डोळ्यांसमोर मरणाची कोणती चित्रे होती ते पाहू. आपल्या भागात गावोगावी वेशीजवळ नाहीतर मारुतीच्या देवळापाशी वीरगळ पडलेले असतात. लहानपणी आपण त्यांच्यावर बसून बोरं खाल्ली, पण त्यावर काय कोरलंय ते कोणी सांगितलं नाही. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सगळ्यात खाली वीर लढतो आहे किंवा मरून पडला आहे. कुठे बाजूला गाई दिसतात, म्हणजे चोरांनी नेलेली जनावरं सोडवताना तो मेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला उचलून वर नेतात. त्याच्यावर तो स्वर्गात शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहील. सोपा हिशेब आहे : इथं मेला, तिथं पोचला. मागे राहिलेली त्याची आई, बायको, लेकरं मात्र त्या दगडावर क्वचितच सापडतात. बायको दिसली तर बहुधा ती सतीच्या शिळेवर, बांगड्या भरलेला एक हात एवढीच.

दुसरे चित्र जत्रेतले. यमपुरीची तसबीर. माझ्या आजोळी ती होती. रेड्यावर यम, चित्रगुप्ताची चोपडी, आणि खाली छोट्या छोट्या चौकटींत शिक्षा : कोणाला तेलाच्या कढईत टाकलंय, कोणाला करवतीनं कापताहेत. प्रत्येक पापाला एक शिक्षा. धर्मांतरानंतर घरातले देव गेले तशी तीही गेली. पण मला ती आजही चौकटी-चौकटीने आठवते. चित्राची ताकद ही अशी असते. भीती एकदा डोळ्यांतून आत गेली की तोंडी सांगून लवकर बाहेर येत नाही.

आता आपल्या जिल्ह्यातल्याच मावळात जाऊ. भाजे लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची. तिथे चैत्यगृहाच्या पुढे, एका अंगाला, दगडात कोरलेल्या 14 लहान स्तूपांचा घोळका आहे. काही छताखाली, बाकीचे उघड्यावर. हे तिथे राहून गेलेल्या थेरांचे स्मारक-स्तूप. काहींवर नावं कोरली आहेत : अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन. एवढंच. स्वर्ग नाही, नरक नाही, चेहराही नाही. नाव आणि स्तूपाचा गोल. त्या काळात खुद्द तथागतांचीही मूर्ती घडवत नसत. जन्म दाखवायचा तर कमळ, संबोधीला बोधिवृक्ष, पहिल्या उपदेशाला चक्र, आणि परिनिर्वाणाला स्तूप. म्हणजे हे लक्षात घ्या : आपण ज्या स्तूपाला वंदन करतो, ज्याचा आकार आपल्या पताकांवर छापतो आणि लग्नपत्रिकेवरही काढतो, ते मुळात मरणाचेच चिन्ह आहे. मुंबईची चैत्यभूमी स्तूपाच्या आकाराची आहे ती याच कारणाने. 6 डिसेंबर 1956 रोजी परमपूज्य बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर जिथे अग्निसंस्कार झाले, तिथे स्तूप उभा राहिला.

आता अजिंठा. मी तिथे दोनदा गेलो. पहिल्यांदा डिप्लोमा करताना कॉलेजच्या सहलीबरोबर आणि दुसऱ्यांदा रिटायर झाल्यावर मंडळींना घेऊन. शिक्रापुरावरून नगर, तिथून छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद), आणि पुढे आणखी शंभरेक किलोमीटर. पहिल्या वेळी मास्तरांनी सांगितले ते वहीत उतरवले. दुसऱ्या वेळी बघितले.

26 नंबरच्या लेण्यात शिरले की डाव्या भिंतीला महापरिनिर्वाणाचे शिल्प आहे. सुमारे 23 फूट लांब. तथागत उजव्या कुशीवर, उजवा हात गालाखाली घेऊन निजलेले. वर देव आणि गंधर्व जमले आहेत. मंचाच्या खालच्या बाजूला भिक्खू आणि उपासक-उपासिकांची रांग आहे, आणि ती सारी शोकात बुडालेली. पायाशी एक भिक्खू डोकं हातावर टेकून बसलाय. तो आनंद, 25 वर्षे सावलीसारखा सोबत राहिलेला. समोर पाठमोरा बसलेला सुभद्द, शेवटचा शिष्य. त्याच्याजवळ तिकाटण्यावर पाण्याचं भांडं. आमची मंडळी बराच वेळ त्या भांड्याकडेच बघत राहिली. म्हणाली, "आजाऱ्याच्या उशाशी असतंच की." मला कॉलेजात हे कोणी शिकवलं नव्हतं.

हे सारे महापरिनिब्बान सुत्ताला धरून आहे. त्या सुत्तात आनंद विहाराच्या दाराला टेकून रडतो आणि म्हणतो की, मला अजून शिकायचं राहिलंय आणि माझ्यावर एवढी दया करणारे माझे गुरू चालले. तथागत त्याला बोलावून घेतात. रडू नकोस असं सांगतात, जे जन्मलं ते जाणारच याची आठवण करून देतात, पण हेही सांगतात की तू फार मायेनं माझी सेवा केलीस. पुढे परिनिर्वाण झाल्यावर दोन प्रकारचे भिक्खू दिसतात. ज्यांची आसक्ती सुटली नव्हती ते हात वर करून रडले, जमिनीवर पडले. ज्यांची सुटली होती त्यांनी अनित्यता ध्यानात ठेवून ते सोसले. सुत्तात हे दोघेही आहेत. रडणाऱ्यांना संघातून काढून टाकले असं कुठेही नाही.

याच लेण्यातला शिलालेख फार महत्त्वाचा वाटतो. बुद्धभद्र नावाच्या भिक्खूने हे लेणे करवले ते अश्मक राजाचा मंत्री भव्विराज याच्या स्मरणार्थ. तो मंत्री त्याचा स्नेही होता. त्यात आशय असा आहे की माणसाची आठवण जगात जोवर हिरवी असते तोवर तो स्वर्गात आनंद भोगतो, म्हणून चंद्र-सूर्य असेतो टिकेल असे स्मारक डोंगरात करावे. पाहा, पुन्हा चंद्र-सूर्य! वीरगळावरचेच. म्हणजे बौद्धांच्या मनात स्वर्ग नव्हताच असं म्हणणं बरोबर होणार नाही. होता. फरक एवढाच की इथे तो मागच्यांच्या आठवणीला बांधलेला आहे.

16 नंबरच्या लेण्याकडे वळतो, कारण तिथे आहे ते रंगवलेले चित्र. हे लेणे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात करवले. तिथल्या एका भिंतीवर एक राजघराण्यातली स्त्री आहे. मान कललेली, डोळे अर्धे मिटलेले, अंग सैल पडलेले. एक दासी मागून आधार देते, एक छातीला हात लावून पाहते, एक वारा घालते. कोणीतरी मनगट धरलंय. सगळ्यांच्या नजरा तिच्या तोंडाकडे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन 1872 पासून 1885 पर्यंत अजिंठ्याच्या नकला करत होते. या चित्रापुढे ते थक्क झाले. त्यांनी लिहून ठेवले की करुणरस आणि गोष्ट सांगण्याची हातोटी यांत याला मागे टाकणारे चित्र कलेच्या इतिहासात नाही. फ्लॉरेन्सच्या चित्रकाराने रेषा अधिक चांगली काढली असती, व्हेनिसच्याने रंग अधिक चांगला दिला असता, पण हा भाव दोघांनाही आणता आला नसता, असे त्यांचे मत. तेव्हापासून या चित्राला 'मरणोन्मुख राजकन्या' म्हणतात. आमच्या पाठ्यपुस्तकात तेच नाव होते आणि मीही वर्गात कित्येक वर्षे तेच शिकवले.

पण ती मरत नाहीये! चित्राच्या एका अंगाला खाली मान घालून उभा असलेला माणूस नीट पाहा. त्याच्या हातात मुकुट आहे. विद्वानांनी सगळी भिंत जुळवून दाखवले आहे की ही तथागतांचा सावत्र भाऊ नंद याची गोष्ट आहे. नंदाने चीवर घेतले, त्याचा मुकुट घरी परत आला, आणि तो पाहून त्याची बायको सुंदरी कोसळली. माणूस जिवंत आहे, पण घरातून गेला आहे. घरच्यांना ते मरणासारखेच. हे चित्र विहारात आहे, भिक्खूंच्या राहत्या जागेत. ज्या भिक्खूंनी आपापली घरे सोडली होती त्यांना रोज येता-जाता ते दिसत असणार. चित्रकाराने तिचा शोक हलका केलेला नाही. तिला वेडीबावरी किंवा अज्ञानी दाखवलेले नाही. मागच्याचं जे होतं ते झालं तसं काढलं. (ग्रिफिथ्सच्या नकलांपैकी बऱ्याच पुढे 1885 साली लंडनला आगीत जळाल्या. त्यांच्या आधी रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकलाही 1866 च्या आगीत गेल्या होत्या. मूळ भिंत मात्र उरली.)

नंदाच्या कथेत स्वर्गही येतो. बायकोची आठवण त्याला सोडीना, तेव्हा तथागत त्याला स्वर्गात नेऊन अप्सरा दाखवतात. वाटेत एक बिचारी माकडीण दाखवलेली असते. अप्सरांपुढे तुझी सुंदरी कशी, असं विचारल्यावर नंद म्हणतो, तिच्यापुढे ती माकडीण जशी तशी! मग अप्सरांच्या आशेने तो साधना करू लागतो, बाकीचे भिक्खू त्याला हसतात, आणि शरमेने त्याचे डोळे उघडतात. म्हणजे वीरगळावर ज्या अप्सरा शेवटचं बक्षीस आहेत, त्या इथे अर्ध्या वाटेवरचं आमिष आहेत.

दहा नंबरचे लेणे याहून पाच-सहाशे वर्षे जुने. 28 एप्रिल 1819 रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात इथे पोचला आणि खांबावर आपले नाव खरडून गेला, ते हेच लेणे. इथे छद्दंत जातक रंगवले आहे. सहा सुळ्यांच्या हत्तीवर मागच्या जन्मीचा राग धरून राणी त्याचे सुळे मागवते. शिकाऱ्याला ते कापवेनात, तेव्हा हत्ती स्वतःच मदत करतो. सुळे दरबारात येतात, ते पाहून राणीला तो हत्ती आठवतो आणि ती जागीच कोसळते. जातकात ती मरते. भिंत खूप खराब झाली आहे, तरी कोसळणारी राणी आणि तिला सावरणारा राजा ओळखू येतात. सतरा नंबरमध्येही ही कथा पुन्हा काढली आहे. यातही बघा, हत्तीच्या मरणापेक्षा चित्रकाराचा जीव राणीच्या पश्चात्तापात गुंतला आहे.

मग यमपुरीसारखे काही बौद्धांनी काढलेच नाही का? काढले. सतरा नंबरच्या ओसरीत, डाव्या टोकाला, एका मोठ्या चाकाचा तुकडा शिल्लक आहे. इंग्रजांनी त्याला राशीचक्र समजून लेण्याला तसेच नाव दिले होते. ते खरे भवचक्र. मूलसर्वास्तिवादी विनयात त्याची कथा आहे. मोग्गल्लान स्वर्ग-नरक पाहून येत आणि लोकांना सांगत. तथागत म्हणाले, मोग्गल्लान सगळीकडे पुरणार नाही, तेव्हा विहाराच्या दारात पाच गतींचं चक्र काढा. मधोमध कबूतर, साप आणि डुक्कर, म्हणजे लोभ, द्वेष आणि मोह. आणि चक्राला धरून अनित्यता. शिवाय येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगायला एक भिक्खू दारात नेमा. माझ्या आजोळच्या तसबिरीत आणि यात हाच मोठा फरक. तिथे शिक्षा देणारा यम आहे आणि विचारायची सोय नाही. इथे चाक फिरवणारे तिघे आपल्याच आत बसलेत, आणि शंका आली तर उत्तर द्यायला माणूस बसवलाय.

त्याच विनयात विहारात कुठे काय रंगवावे याची यादीच आहे. आजाऱ्यांच्या खोलीत, तथागत स्वतः आजाऱ्याची शुश्रूषा करताहेत हे चित्र. शौचकूपाजवळ स्मशान. निजायच्या खोलीच्या दारावर हाडांचा सापळा. आपल्या कमिटीपुढे ही यादी ठेवली असती तर मला विहारात येऊ दिलं नसतं!

हे रंगवायचे कसे तेही सांगतो, कारण आपल्या आया-बहिणींना ते लगेच कळेल. डोंगराच्या खडबडीत दगडावर चिखल थापायचा. त्यात शेण, भाताचा तूस, गवताचे तंतू. आपल्या जुन्या घराच्या भिंतींना हेच लागायचे. त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि मग गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. निळा मात्र अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्द दगडाचा. तेवढीच काय ती श्रीमंती, बाकी सगळी माती.

भारताबाहेर हा विषय फार पसरला. चीनच्या पश्चिमेला किझिल नावाची लेणी आहेत. तिथल्या एका चित्रात अजातशत्रू राजा टाकीत बसून दोन्ही हात वर करून आक्रोश करतो आहे आणि त्याचा मंत्री समोर एक कापड धरून उभा आहे. त्या कापडावर चार प्रसंग : जन्म, मारविजय, पहिला उपदेश आणि परिनिर्वाण. गोष्ट अशी की बुद्धांच्या निधनाची बातमी एकदम कानावर पडली तर राजा जागीच प्राण सोडेल, अशी सगळ्यांना धास्ती होती. म्हणून चित्र काढून, जन्मापासून सुरुवात करून, हळूहळू त्याला बातमी दिली. हे वाचले तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो. आपल्याकडे तार यायची तेव्हा वाचणारा आधी घरच्यांना खाली बसवायचा, पाणी द्यायचा, इकडचं तिकडचं बोलायचा. तीच रीत.

जपानमध्ये कोया पर्वतावरच्या कोंगोबुजी विहारात 1086 सालचे परिनिर्वाणाचे मोठे चित्र आहे. सोनेरी अंगाचे बुद्ध शालवृक्षांखाली. उशाजवळ बोधिसत्त्व शांत, त्यांच्या पलीकडे शिष्य ओक्साबोक्शी रडताहेत, आणि खाली कोपऱ्यात एक सिंह दुःखाने उताणा पडला आहे. वर आई महामाया स्वर्गातून लेकाला बघायला आली आहे. शांत आणि रडणारे, सुत्तातले दोघेही. जपानी विहारांत 15 फेब्रुवारीला असे चित्र टांगून त्यापुढे वंदना करतात. आपण तर वैशाख पौर्णिमेला खीरदान करतो, ती पौर्णिमा परंपरेप्रमाणे जन्म, संबोधी आणि महापरिनिर्वाण या तिन्हींची आहे. म्हणजे दरवर्षी आपण तो दिवस पाळतोच, फक्त त्याचं चित्र नको म्हणतो.

अगदी जवळचे एक उदाहरण घेतो, जरी ते चित्र नसले तरी. आपल्यापासून पुण्याकडे जाताना कोरेगाव भीमाचा स्तंभ. 1 जानेवारी 1818 च्या लढाईत पडलेल्यांची 49 नावे त्यावर कोरली आहेत, त्यांतली 22 महार सैनिकांची, शेवटी 'नाक' असलेली. बाबासाहेब 1 जानेवारी 1927 रोजी तिथे आले होते. आपल्या भागातल्या वीरगळांवर वीराचं चित्र असतं पण नाव बहुधा नसतं. या स्तंभावर अप्सरा नाहीत, स्वर्ग नाही, पण नाव आहे. मला तो वीरगळापेक्षा भाज्याच्या स्तूपांना अधिक जवळचा वाटतो. हे माझे वैयक्तिक मत, इतिहासकारांनी मानावेच असे नाही.

आता भिंतीविषयी. माझी बाजू मी सांगितलीच आहे. विरोध करणाऱ्यांचे म्हणणेही मी उडवून लावत नाही. त्यांच्यातल्या एकाच्या घरी दोन वर्षांपूर्वी तरणा पोरगा गेला. जलदान विधीला आपण सगळे होतो. त्यांना रोज वंदनेला बसल्यावर समोर मरण नको असेल तर ते साहजिक आहे. एक तोड सुचली होती : जपान्यांसारखे कापडावर काढावे, बुद्ध पौर्णिमेला आणि 6 डिसेंबरला लावावे, एरवी गुंडाळून ठेवावे. मनाला तितके पटत नाही, पण चालेल.

मोजमाप घेऊन ठेवले आहे. पहिल्या तीन चौकटी उभ्या, चौथी आडवी, आठ फुटांची. तथागतांचे मस्तक डावीकडे येईल, पाय उजवीकडे. परवा खडूने कच्ची रेघ मारत होतो, तेव्हा त्या पोराची आई झाडलोट करायला आली होती. काही बोलली नाही. निघताना तिने विचारलं, "मास्तर, त्यो रडणारा कुठं काढणार?" मी पायाकडची जागा दाखवली. तिथे चौकट संपते आणि लगेच विहाराचं खरं दार लागतं. ती म्हणाली, "मंग दाराला टेकूनच काढा त्याला."

पुढची मीटिंग रविवारी संध्याकाळी 6 वाजता आहे. रंग अजून आणलेले नाहीत.